कॉलेजच्या गावात शूटिंग आणायचं असेल तर: सातारा-वाईच्या अनुभवातून

महिन्या-दोन महिन्यांनी एखादा फोन येतोच. कधी नगरसेवक असतो, कधी लॉजवाला, कधी एखाद्या कॉलेजचे प्राध्यापक. विचारणं एकच: "आमच्याकडेही नदी आहे, घाट आहे, जुने वाडे आहेत, एवढं मोठं कॉलेज आहे. मग शूटिंग वाईलाच का जातं?"

मी वाईचा, शिकलो साताऱ्यात, आणि गेली बरीच वर्षं बाहेरून येणाऱ्या युनिटांची, म्हणजे चित्रीकरणाच्या अख्ख्या ताफ्यांची, स्थानिक सोय लावून देतो. फोनवर जे नीट सांगून होत नाही ते इथे क्रमाने लिहितो. तुमचं गाव कराड असो, बारामती असो की अंबाजोगाई, जिथे हजारो मुलं शिकायला येऊन राहतात त्या प्रत्येक गावाला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हे समजून घ्या: युनिट गाव कसं निवडतं

'गंगाजल' (२००३) बिहारमध्ये घडतो, 'स्वदेस' (२००४) आणि 'दबंग' (२०१०) उत्तर प्रदेशात. तिन्हींचं चित्रीकरण वाई आणि आसपास झालं. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली. उत्तर प्रदेशात घाटांची वाण नाही, तरी ही मंडळी कृष्णाकाठी आली. वाई मुंबईहून साधारण २३० किलोमीटर, पुण्याहून नव्वदेक. रात्री मुंबईतून निघालेला टेम्पो सकाळच्या शिफ्टला हजर असतो. लेन्स बिघडली तर संध्याकाळपर्यंत दुसरी येते. कलाकाराला दोनच दिवस मोकळे असतील तर तेवढ्यात काम उरकून तो परत जातो. आणि इथल्या माणसांना 'सायलेन्स' म्हटल्यावर बैलाच्या गळ्यातली घंटा हातात धरायची हे ठाऊक आहे.

म्हणजे देखावा युनिटला एकदा आणतो. ते दुसऱ्यांदा येतं कारण पहिल्या वेळी त्याचा एकही दिवस वाया गेलेला नसतो.

आता हिशोब बघा. मुंबईबाहेर काम असलं की प्रत्येक माणसाचं राहणं, जेवण, प्रवास आणि भत्ता निर्मात्याच्या अंगावर पडतो. समजा शंभर जणांचं युनिट आहे. त्यातली पंचवीस माणसं तुमच्या गावातच मिळाली, तर पंचवीस खाटा, पंचवीस ताटं आणि एक बस कमी झाली. हे रोज, आणि तीस दिवस. लाइन प्रोड्यूसरला, म्हणजे निर्मात्याच्या वतीने खर्च आणि व्यवस्था बघणाऱ्याला, डोंगरापेक्षा हा आकडा जास्त पटतो. कॉलेजच्या गावाची खरी ताकद इथे आहे: शिकलेले तरुण हात, सुट्टीत रिकामी पडणारी वसतिगृहं, आणि वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, लांब व्हरांडे असलेल्या इमारती. कॉलेजची एकच इमारत तीन दिवसांत कोर्ट, हॉस्पिटल आणि पोलीस ठाणं होऊ शकते.

साताऱ्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, आणि 'कमवा आणि शिका' ही योजना तिथे रुजवली. मुलं शेतात, इमारतीच्या कामावर राबून शिकली. माझं म्हणणं एवढंच आहे की गावात शूटिंग आणायचं तर ते याच वाटेने आणावं. मुलांच्या घामाची किंमत होणार असेल तरच हा उद्योग कॉलेजच्या गावाच्या कामाचा.

पाऊल १: कॅलेंडर भिंतीवर लावा

लोक लोकेशनच्या फोटोंपासून सुरुवात करतात. तुम्ही तारखांपासून करा. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि त्यावर चार गोष्टी भरा.

पहिली, परीक्षा. सत्र परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि मार्चपासून मेपर्यंत. त्या काळात कॉलेजची इमारत कुणालाही द्यायची नाही. माझी मोठी चूक इथेच झाली. एका कॉलेजचं सभागृह मी चार दिवसांसाठी ठरवलं, पण परीक्षा विभागाला विचारलं नाही. पुढे ढकललेला एक पेपर नेमका त्यातल्या दुसऱ्या दिवशी आला. सेट उभा, कलाकार हजर, आणि दारात दोनशे मुलं पॅड घेऊन उभी. युनिटने तो दिवस सोडला, आणि तो निर्माता पुन्हा माझ्याकडे आला नाही. तेव्हापासून प्राचार्यांच्या होकारावर मी थांबत नाही, परीक्षा विभागाची सही वेगळी घेतो.

दुसरी, जत्रा-यात्रा. आमच्याकडे पौष पौर्णिमेला मांढरदेवला काळूबाईची यात्रा, थंडीच्या दिवसांत वाईच्या घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव, रंगपंचमीला बावधनचं बगाड. या दिवसांत पोलीस बंदोबस्त मिळत नाही, रस्ते मिळत नाहीत आणि मागूही नयेत. घाट आधी देवाचा आणि गावकऱ्यांचा, मग कॅमेऱ्याचा.

तिसरी, शेती. ऊसतोड सुरू झाली की नोव्हेंबरपासून रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात. सेटवरच संवाद ध्वनिमुद्रित करणाऱ्या युनिटला हे आधीच सांगा. उभं पीक चित्रात हवं असेल तर तोड कधी आहे ते शेतकऱ्याला विचारा. सकाळी उसाचा फड दाखवून संध्याकाळी मोकळं रान झालेलं मी पाहिलं आहे.

चौथी, पाऊस आणि पाणी. पावसाळ्यात कृष्णा चढली की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. वर धोम धरण आहे, तिथून पाणी सोडणार असतील ते कळण्यासाठी पाटबंधारे कार्यालयाचा नंबर हाताशी ठेवा.

एवढं भरून झालं की उरलेल्या मोकळ्या चौकटी म्हणजे तुमचा विकायचा माल. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी असतात, पण ऊनही तितकंच असतं. दिवाळीची सुट्टी लहान, पण उजेड सुंदर.

पाऊल २: लोकेशनची वही

पन्नास जागांची वरवरची यादी नको, दहा-बारा जागांची पक्की वही करा. प्रत्येक जागेचे फोटो सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला काढा, मोबाईल आडवा धरून. सोबत लिहा: मालक कोण, मोठी गाडी कुठपर्यंत येते, जनरेटर व्हॅन कुठे उभी राहील, स्वच्छतागृहं किती, पाणी कुठलं, जवळ भोंगा, गिरणी किंवा मंगल कार्यालय आहे का, लॉजपासून किती मिनिटं. जनरेटरची जागा फोटोइतकीच महत्त्वाची आहे, कारण त्याचा आवाज कॅमेऱ्यापासून लांब ठेवावा लागतो आणि केबलची लांबी मर्यादित असते.

वहीत काय घालू नये हेही ठरवा. कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून आहे. फुलांच्या हंगामात तिथे शंभर माणसं आणि ट्रॉल्या नेण्याचा विचारही मी कुणापुढे मांडत नाही, कितीही पैसे मिळोत. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, त्याची परवानगी मालकांकडूनच घ्यावी लागते. परस्पर "होऊन जाईल" म्हणणारा मध्यस्थ गावाचं नाव घालवतो.

तुमच्या गावातली साधी जागा कमी लेखू नका. कॉलेजचं कॅन्टीन, एसटी स्टँड, मुलांच्या खोल्यांची चाळ, झेरॉक्सच्या दुकानांची ओळ, सायकल स्टँड. तरुणांच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिकांना आणि वेब सीरिजना हेच लागतं, आणि ते मुंबईत उभं करायला महाग पडतं.

पाऊल ३: परवानग्या, एकाच माणसाकडे

राज्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एक खिडकी योजना आहे. ती गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालणाऱ्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आहे. युनिट तिकडून अर्ज करेल, तरी खालची कामं गावातच होतात: नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची ना हरकत, पोलीस ठाण्याला पत्र, रस्ता अडणार असेल तर बांधकाम विभाग आणि वाहतूक पोलीस, धरणाजवळ जलसंपदा, जंगलात वनखातं, संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खातं, स्टँडवर एसटी महामंडळ. या सगळ्यांचे अर्जाचे नमुने, लागणारे दिवस आणि शुल्क एका फाइलमध्ये ठेवा. ती फाइल सांभाळणारा आणि फोन उचलणारा माणूस एकच असावा. नगरपरिषदेतला उत्साही कारकून, निवृत्त शिक्षक, कुणीही चालेल, पण त्याच्या शब्दाला गावात वजन हवं.

तीन गोष्टी नवखे हमखास विसरतात. चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. बैल, घोडा, कुत्रा चित्रात येणार असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी. आणि कॅमेऱ्याचा ड्रोन नोंदणीचा, उडवणारा प्रमाणपत्रधारक हवा. "गावातल्या लग्नाचा ड्रोनवाला आणू" हे उत्तर चालत नाही.

परदेशी निर्मात्यांना केंद्र सरकार खर्चाचा परतावा देतं, त्यामुळे काही जण थेट हॉलिवूडची स्वप्नं बघतात. पहिली काही वर्षं तिकडे बघू नका.

पाऊल ४: कॉलेजशी करार

कॉलेज ही कुणा एकाची मालमत्ता नाही. संस्थेच्या व्यवस्थापनाचा ठराव, प्राचार्यांचं पत्र, मग करार. करारात पुढच्या गोष्टी असल्याच पाहिजेत: नेमक्या खोल्या आणि तास, भाडं आणि अनामत, भिंतीला खिळा किंवा रंग लावायचा तर पूर्ववत करून देण्याची जबाबदारी, विमा, वीज जनरेटरची की कॉलेजची, कचरा कोण उचलणार, आणि कॉलेजचं नाव-बोधचिन्ह पडद्यावर दिसणार की नाही. शेवटचा मुद्दा हलका समजू नका. कथेत त्या इमारतीत काय घडणार आहे ते लेखी विचारून घ्या. पूर्ण पटकथा कुणी देणार नाही, पण त्या प्रसंगांचा सारांश मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मिळालेल्या भाड्याचं काय करायचं तेही ठरावातच लिहा. "गरजू विद्यार्थ्यांच्या मेसच्या बिलासाठी" असं एक ओळीत लिहिलं तरी पुढच्या वेळी शूटिंगला विरोध करणारे निम्मे होतात.

पाऊल ५: मुलांची तुकडी उभी करा

हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, आणि सगळ्यात मोलाचं.

मुलांना वाटतं शूटिंग म्हणजे अभिनय. त्यांना बसवून सांगा की सेटवर तीस प्रकारची कामं असतात. कॉमर्सची मुलं प्रॉडक्शनच्या रोजच्या हिशोबाला उत्तम. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकलच्या मुलांना लाइटमनच्या हाताखाली काम शिकता येतं. कलाशाखेची आणि चित्रकलेची मुलं कलादिग्दर्शकाला हवीच असतात. नीटनेटकी, लक्षात ठेवणारी मुलगी कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात कपडे-वस्तू सारख्या राहतात ना ते) सांभाळायला बसली की दिग्दर्शक तिला सोडायला तयार नसतो. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत; विभागप्रमुखांशी बोलून हे काम त्यात बसवता येतं का ते पाहा.

पहिली पंधरा-वीस मुलं निवडा आणि दोन रविवार शिकवा. कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) म्हणजे काय, कॉल शीट (दिवसाच्या कामाचा तक्ता) कशी वाचायची, कॅमेरा रोल झाल्यावर हलायचं नाही, कलाकारांसोबत सेल्फी मागायचा नाही, सेटवरचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. शेवटच्या नियमावरून अख्खं युनिट परत जाऊ शकतं. जमलं तर एखाद्या अनुभवी स्पॉटदादाला, म्हणजे सेटवर चहापाणी आणि बारीकसारीक सोय बघणाऱ्याला, बोलवा. चहा कधी फिरवायचा इथपासून तो जे सांगेल ते कुठल्या अभ्यासक्रमात नसतं.

आता पैसे. काही निर्माते म्हणतात, "मुलांना अनुभव मिळतोय, मानधन कशाला?" इथे ठाम राहा. फुकट काम नाही. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रूढ आहे. मेसचं बिल भरणाऱ्या मुलाला तीन महिने थांबणं शक्य नसतं, म्हणून मुलांची रक्कम आगाऊ तुमच्या समितीकडे जमा करून घ्या आणि आठवड्याच्या आठवड्याला त्यांच्या खात्यावर टाका. हे जमत नसेल तर मुलं देऊ नका.

मुली रात्रीच्या शिफ्टला असतील तर घरापर्यंत गाडी, किमान दोघी एकत्र, आणि वसतिगृहाला आधी लेखी कळवलेलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. युनिटच्या अंतर्गत समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मुलींच्या हातात द्या. आईवडिलांनी विश्वासाने गावात शिकायला ठेवलेली ती मुलं आहेत.

हजेरीचाही विचार करा. एका मुलाने सत्रात किती दिवस काम करायचं याची मर्यादा ठरवा आणि मुलं आळीपाळीने पाठवा. सेटची ओढ लागून शिकणं सोडलेली मुलं मी पाहिली आहेत.

पाऊल ६: पैसा गावात थांबेल असं करा

युनिट आलं म्हणजे गावात पैसा आला असं नसतं. कॅमेरा, लाइट, बऱ्याचदा केटररसुद्धा मुंबई-पुण्याहून येतो. गावाच्या वाट्याला लॉज, डिझेल, गाड्या, भाजीपाला, सुतार, वेल्डर, रंगारी, बांबू, प्लाय, शिंपी, धोबी, मंडपवाला आणि गर्दीतली माणसं. हीही यादी लहान नाही. पण यातलं निम्मं काम गावाबाहेर जातं, आणि कारण फार साधं आहे: आपल्या माणसाकडे बिल नसतं. प्रॉडक्शनचा अकाउंटंट बिलाशिवाय पैसे सोडत नाही. सुतार उत्तम, पण बिलबुक नाही, पॅन कार्ड घरी शोधावं लागतं. मग साताऱ्याचं काम पुण्याच्या दुकानाला जातं.

म्हणून कॉमर्सच्या मुलांना घेऊन एक शनिवार यासाठी काढा. पन्नास व्यावसायिकांची यादी, प्रत्येकाचं छापील बिलबुक, पॅन, बँक खातं. टीडीएस (बिलातून आधीच वळता होणारा आयकर) कापला जातो म्हणजे पैसे बुडत नाहीत, त्याचं प्रमाणपत्र मागायचं, हेही समजावून सांगा. एवढ्या एका कामाने जेवढा पैसा गावात राहतो तेवढा कुठल्याही जाहिरातीने येत नाही.

दरपत्रकही आधीच लिहून ठेवा. युनिट आलं की चहा दुप्पट आणि खोली तिप्पट होते, ही आपली जुनी खोड. पहिल्या वेळी कुणी देईलही, पण मुंबईत सगळे प्रॉडक्शन कंट्रोलर, म्हणजे सेटवरचा रोजचा खर्च सांभाळणारे, एकमेकांना ओळखतात.

जेवणाच्या बाबतीत मेसवाल्या काकूंना कमी समजू नका. दोनशे मुलांना रोज वेळेवर वाढणारी बाई शंभर माणसांच्या युनिटला सहज वाढते. फक्त तिला सांगायला हवं की सकाळी सातला नाश्ता तयार हवा, उपवासाचं आणि बिनकांद्या-लसणाचं वेगळं, तिखट मध्यम, आणि पॅकअप (दिवसाचं काम आटपणं) लांबला तर रात्रीचं जेवणही.

पाऊल ७: कुणाला बोलवायचं

नटांच्या मागे लागू नका, दिग्दर्शकांच्याही नाही. जागा ठरवण्यात मोठा हात लाइन प्रोड्यूसर, कलादिग्दर्शक आणि प्रॉडक्शन कंट्रोलरचा असतो. त्यांना वहीतले पाच फोटो, मोकळ्या तारखा आणि दरपत्रक पाठवा. लांबलचक पत्र नको.

सुरुवात लहान कामांपासून करा: जाहिरात, लघुपट, गाण्याचं चित्रीकरण. पुण्याच्या चित्रपट संस्थेतली मुलं हा माझा आवडता पाहुणा. ती संस्था १९६० मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीच्या आवारात सुरू झाली, आणि 'प्रभात' मूळची कोल्हापूरची: १९२९ मध्ये तिथे जन्मली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. या मुलांकडे पैसे कमी असतात, पण आज तुमच्या वसतिगृहात उतरलेला कॅमेरामन पाच-सात वर्षांनी मोठं युनिट घेऊन येतो तेव्हा त्याला गाव आठवतं.

मालिका मिळाली तर ती चित्रपटापेक्षा मोठी गोष्ट. चित्रपट महिनाभर राहतो, मालिका वर्षानुवर्षं. 'लागिरं झालं जी' (२०१७ ते २०१९) सातारा भागात चित्रित झाली आणि इथल्या कितीतरी नवख्या कलाकारांना तिने पहिलं काम दिलं. कोल्हापूरजवळच्या वसगड्यातला 'तुझ्यात जीव रंगला'चा वाडा बघायला लांबून लोक येत.

पाऊल ८: रेकी आणि प्रत्यक्ष दिवस

रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा बघायला, चार माणसं येतील. हार-तुरे, सत्कार, पुढाऱ्यांच्या भेटी नकोत. गाडी, पाणी, वही आणि गप्प राहणारा माहितगार एवढंच पुरे. जागेची खोट स्वतःहून सांगा: "दुपारी दोनला इथे शाळा सुटते, अर्धा तास गलका असतो." तुम्ही लपवलं नाही, हे ते लक्षात ठेवतात.

चित्रीकरणाच्या दिवशी सर्वात जवळच्या हॉस्पिटलमध्ये आधी सांगून ठेवलेलं असावं, आणि एक गाडी फक्त त्यासाठी उभी. हे मी हात जोडून सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याजवळ एका मालिकेच्या सेटवर करोना पसरला आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं २२ तारखेला साताऱ्यात निधन झालं. त्या दिवसांत आम्ही सगळेच हादरलो होतो. पाहुणा आपल्या गावात आला की त्याच्या जिवाची काळजी आपली.

शेजारच्या घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगा: किती वाजता, किती वेळ, गाडी कुठे लावायची. कुणाकडे आजारी माणूस, बाळंतीण, बारावीचा विद्यार्थी असेल तर तो रात्रीचा सीन दुसरीकडे हलवायला लावा.

पॅकअपनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचा शिपाई आणि युनिटचा माणूस यांना घेऊन प्रत्येक खोली तपासा, आधीच्या फोटोंशी ताडून. अनामत तेव्हाच परत. मग वहीत लिहा: कोण आलं, किती दिवस, गावातल्या कुणाला किती रुपये मिळाले, कुणाचे राहिले. राहिलेल्यांसाठी पंधरा दिवसांनी पहिला फोन करा, आणि सगळे पैसे येईपर्यंत त्या युनिटला पुढची तारीख देऊ नका.